करंबेळीची पाटी

परश्या,

तुला पोचवायला एवढी माणसं आली की रामनगरच्या त्या अरुंद वाटेवर गाड्या वळवायला जागा उरली नाही. नंदिगड्ड्याहून टेम्पो भरून आला. गुंदची माणसं पहिली बस धरून आली. ज्या वाड्यांची नावं तुझ्याशिवाय कुणी धड घेत नाही, तिथल्या बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी तुला खांदा दिला होता, पुढं डावीकडं. आणि तुला खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी रडू आलं नाही. माझ्या मनात आलं, उद्या मी गेलो तर यातली किती येतील? दहा-पंधरा येतील. त्यातली निम्मी ‘परशूअण्णाचा जोडीदार’ म्हणून.

मेल्या माणसाचा हेवा करणं बरं नव्हे. पण जित्या परश्याचा मी तीस वर्षं केला, तो एका दिवसात कुठं जाणार?

आपण दोघं एकाच मास्तरच्या हाताखाली रस्त्याच्या कन्नड पाट्या रंगवायला शिकलो. पहिल्या महिन्यात त्यांनी दोघांनाही सारखेच ब्रश दिले. मग एक दिवस तुझी आणि माझी पाटी भिंतीला टेकवून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “परश्या अक्षरं काढंल. सदा, तू पट्टे आन् बाण बघ.” तेवढ्यात माझं आयुष्य ठरलं. किलोमीटरच्या दगडाचं डोकं मी रंगवायचं, मोठ्या हमरस्त्याला पिवळं, राज्याच्या रस्त्याला हिरवं, आणि दगडाच्या पोटावर गावाचं नाव तू लिहायचंस. वळणाचा लाल त्रिकोण माझा, खालचं ‘सावकाश’ तुझं. हिरव्या पाटीची पांढरी चौकट आणि बाण माझे, गावं तुझी.

बाण काढणं सोपं नसतं. टोक जरा बसकं झालं तर लांबून तो खुंटा दिसतो. दांडा जाड झाला तर गाडीवाला गोंधळतो, वळायचं की सरळ जायचं? मी त्याच्यावर फार मेहनत घेतली. पण ‘काय बाण आहे!’ असं म्हणून आजवर एकाही माणसानं गाडी थांबवली नाही. तुझ्या अक्षरांसाठी थांबायचे. गोव्याकडचा तो मोटारवाला आठवतो? खाली उतरला, तुझ्या हातात हात दिला, पाटीशेजारी तुला उभा करून फोटो काढला. मी शिडी धरून उभा होतो. मला म्हणाला, “जरा बाजूला होता का?” मी झालो. तू म्हणालास, “अवो, बाण त्येनं काडलाय.” त्यानं ‘अच्छा अच्छा’ म्हणत मोबाईल खिशात टाकला. तू ते बोलला नसतास तर बरं झालं असतं.

आणि माझ्या घराचं. तीन वर्षं खपून मी दोन खोल्या बांधल्या. दारावर नाव लिहायचं ठरलं तेव्हा माझीच बायको, मंगल, सगळ्यांसमोर म्हणाली, “परशूभावजींना सांगा की लिवायला. तुमचं अक्षर कसं खुंटीला टांगल्यासारखं दिसतंय.” खरंच होतं ते. मी मराठी लिहितो तसंच कन्नड लिहितो, वरून रेघ ओढल्यासारखं, आणि कन्नडची गोल अक्षरं त्या रेघेला लोंबकळत राहतात. तू आलास, टॉवेल खांद्यावर टाकलास, अर्ध्या तासात ‘मातृछाया’ लिहिलंस. आलेला प्रत्येक पाहुणा आधी दार बघायचा, मग घर. मी माझ्याच उंबऱ्यात उभा राहून तुझं कौतुक ऐकत होतो.

त्याच आठवड्यात करंबेळीचं झालं.

जोयड्याच्या पुढं रानात तो तिठा आहे. एक रस्ता गुंदला, एक नंदिगड्ड्याला, आणि दोन्हींच्या मधून खाली उतरणारी मातीची वाट करंबेळीला. करंबेळी म्हणजे आठ-नऊ घरं, थोडी भातशेती, पुढं रान. ठेकेदाराच्या यादीत तिठ्यासाठी दोनच नावं होती. ती लिहून झाली. पाटीच्या तळाला वीतभर जागा उरली. तू म्हणालास, “करंबेळी लिवू या.”

“यादीत न्हाई,” मी म्हणालो.

“यादीत न्हाई म्हनून ते गाव न्हाई व्हय?”

आपलं हे भांडण जुनंच होतं. माझं म्हणणं, गाडीवाला वेगात येतो, दोन नावं वाचतो, तिसऱ्याला त्याची नजर पुढं गेलेली असते. पाटी म्हणजे लग्नाची पत्रिका नव्हे, सगळ्यांची नावं घालायला. तुझं म्हणणं, “गोव्याला जानाऱ्याला गोवा कुनीबी सांगंल. करंबेळीला जानारा मानूसच चुकतोय, त्येला पाटी पायजे.” त्या दिवशी तू आणखी एक बोललास. तुमचं गाव सुप्याच्या धरणात गेलं. तुझा बाप शेवटपर्यंत म्हणायचा, घरं गेली त्याचं एक वेळ सोसलं, पण आता कुठल्याच रस्त्यावर नाव दिसत नाही. मी चिडलेला होतो. मी म्हणालो, “मग पान्यात बुडी मार आन् तिथं पाटी लाव जा.”

तू ब्रश पुसलास आणि करंबेळी लिहिलंस. कन्नडमध्ये, एका दमात. मी बाण काढून दिला, कारण बाण माझं काम होतं.

नावांबद्दलचं ते भांडण मिटलं नाही. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. पण धरणाचं जे बोललो त्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो. आणि आता पुढचं सांगतो, जे तुला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर ठेकेदाराचा सुपरवायझर भेटला. मी त्याला म्हणालो, “सर, तिठ्यावर यादीत नसलेलं एक नाव पडलंय. तपासनीला कोन आलं तर तुमास्नी तरास नको, म्हनून सांगतो.” एवढंच. चहा संपायच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी मी तापाचं निमित्त करून घरी राहिलो. संध्याकाळी तू माझ्या दाराशी आलास, त्या ‘मातृछाया’खाली उभा राहिलास आणि म्हणालास, “सायेब आला हुता. करंबेळी पुसायला लावली. तप्पागिदे म्हनाला.”

चुकलंय म्हणाला. तू माझ्याकडं बराच वेळ बघत होतास. मला वाटलं, याला कळलं.

तू नाव पुसलंस. बाण पुसायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला. रिकाम्या हिरव्या पट्टीच्या शेवटी माझा बाण, खाली उतरणाऱ्या वाटेकडं तोंड करून.

पुढच्या लग्नसराईत आपण गुंदच्या रस्त्यावर दगड रंगवत होतो. उन्हं डोक्यावर आलेली. समोरून एक ट्रॅक्स जीप आणि त्यामागं बस, दोन्ही धुळीनं माखलेल्या. ट्रॅक्सच्या खिडकीत नवरा मुलगा, मुंडावळ्या बांधलेला, घामानं निथळत होता. ड्रायव्हरनं विचारलं, “करंबेळी कुठं ओ? दोन तास झालं फिरतोय. फोनला रेंज न्हाई, रस्त्यावर मानूस न्हाई.” खानापूरकडचं वऱ्हाड. मुहूर्त बाराचा, आणि बारा वाजून गेलेले.

तू ब्रश डब्यात टाकलास, मोपेडला किक मारलीस. मी मागं बसलो. वऱ्हाड आपल्या मागून आलं. तिठ्यावर त्या बिननावाच्या बाणापाशी तू गाडी हळू केलीस, मान वळवून पाटीकडं पाहिलंस आणि खाली उतरलास.

करंबेळीच्या मांडवात जे चाललं होतं ते मला अजून दिसतं. नवरी, शांता, मांडवाच्या मेढीला धरून उभी होती. तिची आई जानकीमावशी जमिनीवर बसून रडत होती. लग्न मोडलं असंच सगळ्यांनी धरलं होतं. नवऱ्याचा बाप ट्रॅक्समधून उतरला तो आगीसारखा. “पोरगी द्यायची हाय तर गावाची पाटी लावायला काय झालं? रानात फिरवायला बोलावलंसा व्हय आमाला? चला, गाड्या वळवा!” मुलीचा मामाही तापला. शब्दाला शब्द लागला. बसमधली माणसं पुन्हा बसमध्ये चढायला लागली.

तेव्हा तू मधे गेलास. हाताला काळा रंग, कपाळाला काळा रंग. नवऱ्याच्या म्हाताऱ्या बापासमोर हात जोडलेस.

“मामा, ह्या लोकांची चूक न्हाई. पाटी हुती. म्याच लिवली हुती आन् म्याच पुसली. दोष माझा हाय. माज्यापायी पोरीचं लगीन मोडू नगासा.”

म्हातारा तुझ्याकडं बघत राहिला. “कशापायी पुसलास?”

“चुकली हुती,” तू म्हणालास.

मी तुझ्या मागं चार पावलांवर होतो. हातात रंगाचा डबा. माझं तोंड उघडलं नाही. तोंड उघडायला काय लागतं? तीन शब्द लागतात. ते माझ्या जिभेवर आले आणि मी गिळले.

म्हाताऱ्याचा राग तुझे रंगलेले हात बघून ओसरला. भटजींनी पंचांग उघडलं, गोरज धरली, लग्न लागलं. अक्षता टाकताना जानकीमावशीनं तुझ्या दोन्ही हातांना धरलं आणि म्हणाली, “तू आजपास्नं माजा ल्योक.” बघ परश्या, माझं पापसुद्धा तुझ्या नावावर गेलं, आणि तिथं जाऊन त्याचं पुण्य झालं. त्या दिवशी मी तुझा जेवढा हेवा केला तेवढा ना कधी आधी केला होता, ना नंतर.

त्यानंतर करंबेळीच्या लोकांनी स्वतः पत्रा आणला आणि तुला म्हणाले, आता आमची पाटी आम्हीच लावतो, तू लिहून दे. तू सगळ्या तालुक्याची दारं, दुकानं, देवळं रंगवणारा. तू नकार दिलास! म्हणालास, “सदाकडनं लिवून घ्या.”

याला सगळं ठाऊक आहे, मी ठरवून टाकलं. ज्यानं पुसायला लावलं त्याच्याच हातानं लिहून घेतोय. मारायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त हातात ब्रश द्यायचा. केवढी शिक्षा शोधून काढली यानं! मी लिहिलं. माझी ती लोंबकळणारी अक्षरं घेऊन पत्रा तिठ्यावर उभा राहिला. त्यानंतरची पंधरा वर्षं मी तुझ्या प्रत्येक वाक्यात टोमणा शोधला. ‘चहा घे’ म्हणालास तरी शोधला. तू चांगला वागलास की वाटायचं, माफ करून वर मिरवतोय. आपण कमी बोलायला लागलो, ते तुला जाणवलं असेल. मग छापील पाट्या आल्या, उजेड पडला की चमकणाऱ्या, मशीनवर कापलेल्या अक्षरांच्या आणि मशीनवरच कापलेल्या बाणांच्या. आपलं दोघांचंही काम एकदमच गेलं, तेव्हा मला दुःखाआधी बरं वाटलं होतं की आता तरी बरोबरी झाली. पण तुला लोक दारावरची नावं लिहायला बोलवतच राहिले.

बाराव्याला मी तुझ्या घरी गेलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. शालनवैनींनी ट्रंकेतून वह्या काढल्या. “हे बगा, तुमास्नी काय कळतंय का. टाकून देऊ की ठेवू?”

दोनशे पानी चार वह्या. पहिलं पान उघडलं. करंबेळी. दुसरं पान. करंबेळी. पानामागून पान, कन्नडमध्ये एकच नाव. कधी शेवटी ळ, कधी ल, मग ल खोडलेला. कधी वेलांटी लांब, कधी आखूड. ज्या हाताचा मी जन्मभर हेवा केला तो हात शाळेतल्या पोरासारखा गिरवत बसला होता.

“हे काय, वैनी?”

“त्या पाटीचं की ओ. सायेब तप्पागिदे म्हनला न्हवं का. ह्यास्नी वाटलं, आपलं शुद्धलेखन चुकलं. मराठी शाळेत चार यत्ता शिकलेला मानूस, कन्नड नुसतं बघून बघून लिवायचे. कुनाला इचारायची लाज वाटायची. म्हनायचे, माज्या एका अक्षरापायी पोरीचं लगीन मोडत हुतं.”

मी पुढची वही उघडली. तिच्यात अक्षरं बदललेली होती. वरून ओढल्यासारखी, लोंबकळणारी. माझी.

“हे तुमच्या पाटीवरनं उतरून आनलेलं,” वैनी म्हणाल्या. “गाडी घिऊन तिठ्यावर जायाचे, वही घिऊन. म्हनायचे, सदा सातवीपातूर कन्नड शिकलाय, त्येचं चुकत न्हाई. लई हेवा वाटायचा बगा त्यास्नी तुमचा. तुमाला कवा बोलले न्हाईत?”

नाही बोललास. मीही नाही बोललो.

तुला काहीच ठाऊक नव्हतं, परश्या. दाराशी उभा राहून तू माझ्याकडं बघत होतास ते विचारायला, नेमकं कुठलं अक्षर चुकलं म्हणून. आणि मी मान खाली घातली. मांडवात ‘चुकली हुती’ म्हणालास ते मला झाकायला नव्हे. तुला ते खरंच वाटत होतं. तुझं काहीही चुकलं नव्हतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. ते मी त्याच दिवशी वाचलं होतं. यादीत नव्हतं, एवढीच चूक, आणि ती मी सांगितलेली.

मी वैनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. वह्या एकावर एक रचल्या, कोपरे जुळवले. मला वाटलं, आता जा म्हणतील.

“मला सांगून काय उपेग?” त्या म्हणाल्या. “त्यास्नी सांगायचं ते ऱ्हायलं. आता करंबेळीला तरी जावा. तिथं ते खाली मान घालून हुबे ऱ्हायले हुते, सगळ्यांम्होरं.”

काल गेलो. तिठ्यावरून खाली उतरलो. जानकीमावशी आता फार वाकली आहे. अंगणात बसून रानातून खणून आणलेल्या कणग्यांच्या कंदांची माती काढत होती. शांता सासरी सुखात आहे, तिची मुलं हायस्कूलला जातात, असं तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, “माजा ल्योक गेला रे, सदा.” मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

तिचे हात थांबले.

“म्हंजे नाव पुसायला तू लावलंस.”

“व्हय.”

“आन् तवा तू हितंच हुतास. मांडवात.”

“व्हय, मावशी.”

“डबा घिऊन हुबा हुतास. मला आठवतंय.”

घरात सून होती, ती दारात आली होती. भाताचा वास येत होता. मग मावशीनं कणगं उचललं आणि पुन्हा माती काढायला लागली.

“आज माज्या घरात तुला जेवान न्हाई,” ती म्हणाली. “रागानं वाढलेलं अंगाला लागत न्हाई. पानी पिऊन जा. फुडच्या खेपंला ये, तवा बगू.”

सुनेनं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो आणि निघालो. चढावर भूक चांगलीच जाणवली. या घरातून तुला कुणी कधी उपाशी पाठवलं नव्हतं, ते आठवत आठवत मी चढलो, आणि निम्म्या वाटेपर्यंत मला तुझा हेवाच वाटत होता. खोटं कशाला बोलू?

मग दम घ्यायला थांबलो, तेव्हा एक लक्षात आलं. ‘फुडच्या खेपंला ये’ असं ती म्हणाली. परशूअण्णाच्या जोडीदाराला नव्हे, मला म्हणाली. माझं सगळं ऐकून झाल्यावर.

भात कापणी उरकली की जाईन म्हणतो.